दुर्बीण धरणारी

"फुटलं," पोतनीस सर म्हणाले. "पुढचं घे."

स्टीलच्या ट्रेमध्ये कच्ची अंडी मांडून ठेवली होती. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात ड्रिल. अंड्याकडे बघायचं नाही, समोरच्या टीव्हीच्या पडद्याकडे बघायचं, आणि कवच खरवडत खरवडत रुपयाएवढी खिडकी पाडायची. कवचाच्या आत जो पांढरा पापुद्रा असतो, तो मात्र फाटता कामा नये. सकाळपासून माझी अकरा अंडी गेली होती. पिवळा बलक कोपरापर्यंत ओघळला होता.

"सर, नाकात अंडं कुठं असतं?" मी वैतागून विचारलं.

"नाकात अंडं नसतं. नाकाच्या छताला हाड असतं. कवचाएवढंच जाड. त्याच्या वर मेंदू असतो." सरांनी बारावं अंडं स्वतः माझ्यासमोर ठेवलं. "आणि तिथं 'पुढचं घे' असं म्हणता येत नाही."

ही दोन हजार चारची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. कान-नाक-घसा विषयात एम. एस. झाले होते, टॉन्सिल काढत होते, कानाचे पडदे शिवत होते. पण नाकातून दुर्बीण घालून थेट कवटीच्या तळाशी जाता येतं, कपाळ न उघडता मेंदूच्या पायथ्याची गाठ काढता येते, हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना. हे शिकवणारे लोक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते. त्यातले एक डॉ. पोतनीस. ट्रस्टच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांनी एकहाती विभाग उभा केला होता आणि दोन वर्षांची फेलोशिप सुरू केली होती, वर्षाला एक जागा. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. माझं नाव सांगते, वृषाली खरमाटे. सर मला शेवटपर्यंत 'खरमाटे'च म्हणत.

पहिलं वर्षभर मला सरांनी हत्यार हातात दिलं नाही. मी दुर्बीण धरायचे. एका नाकपुडीतून दुर्बीण आत जाते, तिच्या बाजूने आणि दुसऱ्या नाकपुडीतून चिमटे, ड्रिल, सक्शन. ऑपरेशन करणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून दुर्बीण दुसऱ्याने धरायची. ऑपरेशन करणारा जिथं बघेल तिथं दुर्बिणीने आधी पोचायचं, हात थरथरू द्यायचा नाही, काचेला रक्त लागलं की पुसून पुन्हा त्याच जागी यायचं. चार-चार तास.

"कंटाळा येतो?" एकदा सरांनी विचारलं.

"हात भरून येतो."

"येऊ दे. मी काय बघतोय ते तुला कळायला लागलं की हत्यार देईन. हाताला शिकवायला सहा महिने लागतात. डोळ्याला दोन वर्षं."

शनिवारी सकाळी आम्ही शरीररचना विभागात जायचो. देहदानातून आलेली शरीरं तिथं असत. सुरुवातीला आम्ही दोघंही हात जोडायचो, मग सर पंखा बंद करायला सांगायचे आणि काम सुरू. त्या हॉलमध्ये मी जे शिकले ते जिवंत माणसावर शिकायची कुणाची हिंमत होऊ नये असं होतं.

एका शनिवारचं सांगायलाच हवं. नाकाच्या अगदी मागे, कवटीच्या मधोमध, हाडाची एक पोकळी असते. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे पिट्युटरी ग्रंथी. पोकळीच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्या, कॅरोटिड. आणि पोकळीच्या मध्ये हाडाची एक पातळ भिंत. पुढे जायचं तर ही भिंत काढावी लागते. मी ती चिमट्यात धरली आणि पिळली. टचकन् निघाली.

सरांनी माझा चिमटा पाण्यात धुतला आणि टोकाला आलेला हाडाचा तुकडा माझ्या हातमोज्यावर ठेवला. त्याची एक बाजू वाटीसारखी गोल होती.

"हे गोल काय आहे?"

मी तुकडा उलटसुलट करून बघितला.

"ही भिंत सरळ मधोमध असते असं पुस्तकात चित्र आहे. माणसं पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत. हिची भिंत वाकडी होती, मागं जाऊन कॅरोटिडवर टेकली होती. तू रोहिणीवरचं हाड उपटून काढलंस, खरमाटे. आत बघ."

मी दुर्बीण आत घातली. हाड गेलेल्या जागी रोहिणी उघडी पडली होती, आणि तिला नखाएवढी चीर होती.

"बाई जिवंत असत्या तर?" सरांनी विचारलं.

"पडदा लाल झाला असता."

"आणि मग तुला काहीच दिसलं नसतं. प्लेट बघितली होतीस?"

सीटी स्कॅनची प्लेट खोलीतच होती. मी बघितली नव्हती.

"अशी भिंत पिळायची नाही. ड्रिलने कणाकणाने झिजवायची. आणि प्लेट बघितल्याशिवाय नाकाला हात लावायचा नाही. समोर मी असलो तरी."

तेव्हापासून मी दर पेशंटच्या प्लेटा आदल्या दिवशी एकेक करून बघायला लागले, आणि वहीत त्या भिंतीचं चित्र काढायला लागले. एकविसाव्या महिन्यापर्यंत माझ्या वहीत एकशे चौदा चित्रं झाली होती. तोवर मी सोप्या गाठींपर्यंतचा रस्ता स्वतः उघडत होते आणि दुर्बीण सर धरत होते.

त्याच महिन्यात सरांनी कार्यशाळा ठेवली. राज्यभरातून पावणेदोनशे डॉक्टर येणार, थिएटरमधलं ऑपरेशन सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर थेट दिसणार. ऑपरेशन करायला दिल्लीहून डॉ. विश्राम कोठावळे येणार. बारा वर्षं परदेशात राहून आलेले, हाताला विलक्षण वेग असलेले. त्यांच्या फिती बघून बघून मी अर्धं शिकले होते. कार्यशाळा नीट पार पडली की विभागाला मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा दर्जा मिळणार होता. सरांचं पंधरा वर्षांचं स्वप्न होतं ते. त्यांनी माझ्यावर दुर्बिणीचं काम सोपवलं तेव्हा मला रात्रभर आनंदाने झोप लागली नाही.

चार पेशंट निवडले होते. चौथ्या होत्या निर्मला वाघचौरे, एस. टी.त कंडक्टर. पिट्युटरीच्या गाठीने डोळ्यांच्या नसा दाबल्या होत्या. समोरचं दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं होतं.

"पॅसेंजर मधल्या वाटेनं आला की दिसतो," त्या आदल्या दिवशी वॉर्डात मला सांगत होत्या. "पण शिटावरचा बाजूनं बोलला तर नुसता आवाज येतो. लोक म्हणाय लागले, बाईला माज आलाय, बोलावलं तरी बघत न्हाई. शेवटी डेपोनं घरी बसवलं."

"ऑपरेशननंतर दिसायला लागेल."

"दिल्लीचे डॉक्टर करणार म्हनं. ते मला बघाय आले न्हाईत अजून."

"सकाळी येतील," मी म्हणाले. कोठावळे संध्याकाळच्या विमानाने पुण्याला उतरून थेट मेजवानीला गेले होते.

सकाळी पहिल्या पेशंटचं ब्लड प्रेशर चढलं ते उतरेना. भूलतज्ज्ञ डॉ. नाडगौडांनी साफ नकार दिला. दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला नव्हता, तिसऱ्याला ताप. सभागृहात लोक येऊन बसले होते. सर घड्याळ बघत होते.

"वाघचौरेंना घ्या," ते म्हणाले.

डॉ. कोठावळे हात धुऊन आत आले तेव्हा निर्मलाबाईंना भूल दिलेली होती. मी व्ह्यू-बॉक्सवर प्लेटा लावून ठेवल्या होत्या. त्यांनी एमआरआयच्या एका प्लेटकडे चालता चालता नजर टाकली. "छान. गाठ मऊ दिसतेय. चाळीस मिनिटं."

"सर, सीटी पण आहे. मधली भिंत..."

"मॅडम, सुरू करूया? लोक थांबलेत."

त्यांच्या कॉलरला माइक लावलेला होता, माझ्या नव्हता. कोपऱ्यातल्या स्टुलावर आमचे न्यूरोसर्जन डॉ. हारून मुजावर बसले होते. रस्ता कान-नाक-घशाच्या माणसाने उघडायचा, गाठीपाशी पोचलं की ते पुढे यायचे, अशी पद्धत होती.

कोठावळेंचा हात खरोखर देखणा होता. रक्ताचा थेंब न सांडता ते दहा मिनिटांत पोकळीच्या तोंडाशी पोचले. बोलतही होते, सभागृहातल्या प्रश्नांना उत्तरं देत होते, मधूनच विनोद करत होते. मी त्यांच्या पुढे पुढे दुर्बीण नेत होते आणि तेवढा वेळ, खरं सांगते, मी खूष होते.

पोकळी उघडली. पांढरी भिंत समोर आली. माझ्या वहीतलं एकशे चौदावं चित्र. वरून सरळ दिसणारी, पण मागे गेल्यावर डावीकडे वळलेली आणि थेट रोहिणीच्या फुगवट्यावर टेकलेली.

"आता ही मधली भिंत," कोठावळे माइकमध्ये म्हणाले, "इथं लोक ड्रिल करत बसतात आणि वीस मिनिटं घालवतात. सिस्टर, मोठा चिमटा."

भिंगारदिवे सिस्टरांनी चिमटा दिला.

"सर," मी म्हणाले, "ती भिंत डाव्या कॅरोटिडवर टेकलीय. पिळली तर वरचं हाड येईल."

ते हसले. "आमच्या असिस्टंट फार अभ्यास करून आल्यात." स्पीकरमधून सभागृहातलं हसणं ऐकू आलं. "मॅडम, मी अशा हजार भिंती काढल्यात. दुर्बीण स्थिर."

"सीटी एकदा बघा सर. मागच्याच बॉक्सवर आहे. फक्त मान वळवा."

"दुर्बीण स्थिर ठेवा."

तेवढ्यात स्पीकरमधून पोतनीस सरांचा आवाज आला. ते सभागृहात सूत्रसंचालन करत होते. माझ्या कॉलरला माइक नसला तरी माझं बोलणं कोठावळेंच्या माइकमधून गेलं असावं.

"खरमाटे. फक्त दुर्बीण."

तो आवाज मी ओळखत होते. अंडं फुटल्यावरसुद्धा तो असा कधी झाला नव्हता.

पडद्यावर चिमटा पुढे सरकला. त्याचे जबडे उघडले. एक जबडा भिंतीच्या उजवीकडे गेला, दुसरा डावीकडे. जबडे मिटल्यावर मला काही करता येणार नव्हतं, कारण मिटलेल्या चिमट्याला आंधळं सोडणं म्हणजे तोच अपघात आपल्या हाताने घडवणं. जे करायचं ते जबडे उघडे असेपर्यंत.

मी दुर्बीण बाहेर काढली.

आतली गुलाबी पोकळी पडद्यावरून गेली. नाकपुडी, हिरवं कापड, छताचा दिवा असं काहीतरी भिरभिरलं. मग माझा हात जिथं थांबला तिथं दुर्बिणीच्या टोकासमोर डॉ. कोठावळेंचा चेहरा होता. मास्कच्या वरचे दोन डोळे, सभागृहातल्या पडद्यावर दहा फूट रुंद, पावणेदोनशे डॉक्टरांसमोर.

"चिमटा उघडाच ठेवा सर," मी म्हणाले. "आणि सावकाश बाहेर घ्या."

आंधळेपणी कोणताही सर्जन हात हलवत नाही. त्यांनीही आधी हलवला नाही. मग उघडा चिमटा हळूच मागे घेतला.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. माइकवर हात ठेवायचं त्यांना सुचलं नाही. "आत घाला दुर्बीण!"

"तुम्ही सीटी बघितल्याशिवाय नाही घालणार."

"कोण समजता तुम्ही स्वतःला?"

"दुर्बीण धरणारी. मला जे दिसतंय ते तुम्ही बघत नाही आहात."

नाडगौडा मॅडम मॉनिटरकडे बघत खालच्या आवाजात म्हणाल्या, "पेशंट स्थिर आहे. वेळ आहे आपल्याकडे." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

डॉ. मुजावर स्टुलावरून उठले. व्ह्यू-बॉक्सपाशी गेले, चष्मा वर केला, एक प्लेट, दुसरी, तिसरी. मग ते वळले आणि कोठावळेंशी नाही, सिस्टरांशी बोलले.

"सिस्टर, ड्रिल लावा."

कोठावळेंनी मान वळवून प्लेट बघितली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "यांना बाहेर काढा. दुसरं कुणीतरी दुर्बीण धरा."

मी दुर्बीण तिथल्या एका रेसिडेंट डॉक्टरच्या हातात दिली. "डावीकडे वळते भिंत," त्याला सांगितलं. "डोळा तिथून हलवू नको." आणि गाउन उतरवून बाहेर आले. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर जाऊन बसले.

तासाभराने भिंगारदिवे सिस्टर आल्या. "ड्रिलने काढली भिंत," त्या म्हणाल्या. "खाली हाडच नव्हतं गं. रोहिणी उघडी, नुसती धडधडत होती. मुजावर सरांनी गाठ काढली. बाई जाग्या होताहेत." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढला. "सभागृहात सांगितलं, कॅमेऱ्यात बिघाड झाला होता."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरल्यामुळे व कॅमेऱ्यातील तांत्रिक दोषामुळे प्रक्षेपण काही मिनिटं खंडित झालं, वगैरे. खाली माझ्या सहीची जागा.

"सही कर. तीन महिने राहिलेत तुझे. सर्टिफिकेट घे आणि जा."

"मी बरोबर होते की नाही, सर?"

"होतीस." ते खिडकीकडे बघत होते. "माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? मीच शिकवलंय."

"मग तसं लिहा."

"पाहुण्याला घरी बोलावून तोंडघशी पाडलं असं लिहू? मान्यतेची समिती त्याच सभागृहात बसली होती. पंधरा वर्षं, खरमाटे! तुझ्यामागून येणारी मुलं कुठं शिकणार?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मी टेबलावरचा कागद उचलून पुन्हा वाचला. मग विचारलं, "निर्मलाबाईंच्या केसपेपरवर काय लिहिलंय?"

"ऑपरेशन निर्विघ्न."

"रोहिणी उघडी आहे ते?"

सरांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं.

"सर, या गाठी पुन्हा होतात. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. तेव्हा तिच्या नाकात दुसराच कुणीतरी शिरेल. त्याला वाटेल आत सगळं जागच्या जागी आहे. कोठावळेंचं नाव तुम्ही कुठंही लिहू नका. माझंही नको. पण डाव्या बाजूला हाड नाही, हे त्या पेपरवर यायला पाहिजे. ते आलं तर मी हवा तिथं सही करते."

"ते लिहिलं की ऑपरेशन मध्येच का थांबलं हे लोक विचारणार. मग कॅमेऱ्याची गोष्ट टिकत नाही."

"मग टिकू नये."

मी उठले, वॉर्डात गेले, निर्मलाबाईंचा केसपेपर मागवला. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात कापसाचे बोळे. मी त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून लिहिलं. मधल्या भिंतीचं चित्र काढलं, डाव्या रोहिणीवर बाण काढला: 'येथे हाड नाही. काहीही ओढू वा पिळू नये.' मान वर केली तर दारात पोतनीस सर उभे होते. मागोमाग आले होते.

त्यांनी पेपर हातात घेतला आणि वाचला. मला वाटलं, आता पान फाडतील. मी हात पुढे केला होता.

"तारखेखाली वेळ घाल," ते म्हणाले. "आणि पूर्ण नाव लिही. नुसत्या सहीला कुणी विचारत नाही."

मी लिहिलं. सरांनी पेपर परत दिला आणि निघून गेले. त्या पानाची झेरॉक्स मी निर्मलाबाईंच्या हातात ठेवली. "कुठंही ऑपरेशन करायची वेळ आली तर आधी हा कागद दाखवायचा. डॉक्टर कितीही मोठा असू दे."

"दाखवीन की," त्या बोळ्यांमुळे गेंगाण्या आवाजात म्हणाल्या. मग मान न हलवता डावीकडे बोट केलं. "म्याडम, ती खिडकीत पिवळ्या साडीतली बाई उभी आहे न्हवं? काल नव्हती दिसत."

कॅमेऱ्याच्या कागदावर मी सही केली नाही. त्याच आठवड्यात माझी फेलोशिप 'शिस्तभंगामुळे' थांबवण्यात आली. विभागाला केंद्राचा दर्जा त्या वर्षी मिळाला नाही, दोन वर्षांनी मिळाला. सर मग माझ्याशी कधी बोलले नाहीत. डॉ. मुजावर मात्र पुढच्या वर्षी कॉलेज सोडून जिल्ह्याच्या गावी आले आणि त्यांनी मला फोन केला. "माझ्यासोबत काम कराल का? पैसे फार मिळणार नाहीत, पेशंट भरपूर मिळतील." बाकीचं मी त्यांच्याबरोबर शिकले. एकमेकांचं नाक खुपसणं सहन करत, भांडत, चारशेहून जास्त गाठी आम्ही काढल्या. दोन पेशंट गमावले. त्या दोघांचीही नावं मला पाठ आहेत.

मागच्या वर्षी त्या कॉलेजातून पत्र आलं. सर निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, विभागप्रमुख आता माझ्यानंतरची एक मुलगी आहे. जुन्या फायली लावताना माझं प्रकरण तिच्या हाती लागलं. तिने चांगल्या मनाने लिहिलं होतं: एकवीस महिन्यांचं प्रशिक्षण ग्राह्य धरून तुम्हाला प्रमाणपत्र देता येईल, सोबतच्या अर्जावर सही करून पाठवा.

अर्ज छापील होता. 'मी, खाली सही करणार, वैयक्तिक कारणास्तव फेलोशिप अपूर्ण सोडली...'

मुजावर वाचून म्हणाले, "करून टाका हो सही. वीस वर्षं झाली. कोण बघतंय?"

मी पेन घेतलं, 'वैयक्तिक कारणास्तव' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पेशंटच्या नाकातून दुर्बीण वेळेवर बाहेर काढल्यामुळे'. खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ.

रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोच मिळाली. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही.